डाइव्हची शेवटची दहा मिनिटं: वर येताना काय दिसतं आणि दिसलं तर काय करायचं

मालवणला माझी स्वतःच्या कार्डावरची, म्हणजे कोर्स संपवून प्रमाणपत्र मिळाल्यानंतरची, चौथी स्कूबा डाइव्ह. पस्तीस मिनिटं खडकांच्या कपारी धुंडाळल्या आणि पदरात पडलं काय, तर एका शेवंडाच्या मिशा आणि दोन लायनफिश. वर आलो, शिडी धरली, तर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, वाकून म्हणाला, "डोक्यावरसून कासव गेला तुमच्या. तुमी खंय बघी होतास?" मी सिलिंडरमधली हवा दाखवणारा गेज बघत होतो. जोडीदार पायातल्या फिनचा सुटलेला पट्टा बघत होता. बोटीवरच्या खलाशानं मात्र ते कासव कोरड्या अंगानं, चहा पिता पिता पाहिलं होतं.

त्यानंतरच्या डाइव्हमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. नवशिक्याच्या लेखी डाइव्ह संपते ती अंगठा वर करून 'चला वर' म्हणतात तिथंच. मन बोटीवर पोचलेलं असतं, शरीर अजून बारा मीटर खाली. बघायचं ते याच वेळात हुकतं, आणि अपघातही बरेचसे याच वेळात होतात. म्हणून बघणं आणि सुखरूप वर येणं, या दोन्ही गोष्टी एकत्रच शिकाव्यात.

हे लिहिलंय ते ज्यांचा ओपन वॉटर कोर्स नुकताच झालाय, म्हणजे अठरा मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरायची ज्यांना मुभा आहे, त्यांच्यासाठी. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रशिक्षकाचा हात धरून पंधरा मिनिटांची पहिली बुडी मारणार असाल, तर हवा आणि खोलीचा हिशेब तो करील. तुम्ही फक्त बघण्याचा भाग वाचा.

वरच्या पाण्यात असतं तरी काय

तळाशी आपण खडक बघतो, आणि खडकाला धरून राहणारे जीव बघतो: हेकरू, केंड, वाम, शेवंड. वर येताना आपण दुसऱ्याच मुलखात शिरतो. तिथं ना भिंत, ना फरशी. तिथले रहिवासी सतत प्रवासात असतात, आणि ते कुठून येतील याचा नेम नाही. 'अनपेक्षित' म्हणतो ते यामुळेच.

शिवाय कासव, समुद्रसाप आणि डॉल्फिन या तिघांना हवा लागते. कितीही खोल गेले तरी श्वासासाठी त्यांना पृष्ठभागावर यावंच लागतं, आणि तिथं जायची वाट तुम्ही शेवटच्या थांब्यासाठी पाच मीटरवर लटकलेले असता त्याच थरातून जाते. देवमुशीसारखा, म्हणजे व्हेल शार्कसारखा अवाढव्य मासाही प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खातो, आणि प्लवक वरच्या थरात दाट असेल तर तोंड उघडं ठेवून तो पृष्ठभागाशीच फिरतो.

तिसरं कारण तुमच्याच अंगात आहे. डाइव्हच्या सुरुवातीला नवशिका हातपाय झाडतो, भसाभस बुडबुडे सोडतो. अर्ध्या तासानं श्वास संथ होतो, हालचाल कमी होते. माशांना हा फरक कळतो. त्यात उजेडाची भर. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, पाचेक मीटरपासूनच तो फिका पडू लागतो, म्हणून खाली सगळं निळं-हिरवं, राखाडी दिसतं. वर येता येता रंग परत येतात. खाली मातकट वाटलेला मासा पाच मीटरवर पिवळाधमक निघतो.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण. मालवणचं पाणी अंदमानसारखं काचेचं नाही. चार-पाच मीटर नीट दिसलं की आम्ही दिवस चांगला म्हणतो. त्यामुळे इथं जनावर लांबून येताना दिसत नाही, ते एकदम समोर उगवतं. दचकायची तयारी हवी ती यासाठी.

पाण्यात उतरण्याआधी

ब्रीफिंगच्या वेळी बहुतेक जण सनस्क्रीन लावत असतात. तसं न करता दोनच प्रश्न विचारा: वर कुठून यायचं, आणि दोराला धरून की मोकळ्या पाण्यातून? नांगराचा किंवा मुरिंगचा, म्हणजे बोटी बांधायला कायमचा रोवलेला, दोर असेल तर तुमचं काम निम्मं झालं. मोकळ्या पाण्यातून यायचं असेल तर एसएमबी, म्हणजे तो नारिंगी उभा फुगा, कोण सोडणार ते ठरवून घ्या. पर्यटनाच्या हंगामात मालवणच्या पाण्यात जेट स्की आणि पॅरासेलिंगच्या बोटी माश्यांसारख्या घोंघावत असतात. फुग्याशिवाय डोकं वर काढणं हा शहाणपणा नव्हे.

खुणा पक्क्या करा. आठ-दहा डाइव्हपर्यंत जवळजवळ प्रत्येक जण करतो अशी एक चूक सांगतो. समोर काहीतरी भारी दिसतं, माणूस खुशीत जोडीदाराला अंगठा दाखवतो. जमिनीवर त्याचा अर्थ 'मस्त', पाण्याखाली 'वर चल'. जोडीदार बिचारा आज्ञाधारक, निघाला वर. 'मस्त' म्हणायचं तर तर्जनी-अंगठ्याची गोल खूण करा. 'बघ तिकडे' म्हणायचं तर आधी दोन बोटं डोळ्यांकडे, मग बोट त्या दिशेला. कपाळावर उभा तळहात म्हणजे शार्क. ही खूण जपून वापरा, का ते शेवटी सांगतो.

कॅमेरा असेल तर तो दोरीनं बीसीडीला, म्हणजे हवा भरता येणाऱ्या जाकिटाला, अडकवलेला हवा. पहिल्या वीस डाइव्ह तरी कॅमेरा नेऊच नये असं माझं मत. कोणी ऐकत नाही, तरी सांगतो.

वर निघताना

सिलिंडर साधारण 200 बारनं सुरू होतो (बार म्हणजे आतल्या हवेच्या दाबाचं माप). नवशिक्यानं 70 बारच्या आसपास निघण्याचा विचार करावा, म्हणजे शेवटच्या थांब्यावर 50 बार हाताशी राहतात. हा आकडा काही घाबरवायला नाही. थांब्यावर खरंच काही दिसलं, तर शांतपणे तीनाची पाच मिनिटं करता येतात ती या शिलकीवरच.

चढण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत. डाइव्ह कॉम्प्युटर असेल तर तो चुकलं की ओरडतो. नसेल तर आपल्याच सगळ्यात लहान बुडबुड्यांच्या मागं राहायचं, त्यांना ओलांडायचं नाही. श्वास रोखायचा नाही, कधीच नाही. दहा मीटरवर दाब दोन वातावरणांचा असतो, पृष्ठभागावर एकाचा. म्हणजे शेवटच्या दहा मीटरांत फुप्फुसातली हवा फुगून दुप्पट होते. समोर कासव आल्यावर माणूस नकळत 'आऽ' करून श्वास धरतो आणि त्याच क्षणी तरंगत वर जाऊ लागतो. फुप्फुसाला इजा व्हायला दीड-दोन मीटरही पुरे होतात.

याला जोडून सिलिंडरचं गणित येतं. भरलेल्या नेहमीच्या अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोन-अडीच किलो हवा असते. होय, हवेला वजन असतं, आणि डाइव्हच्या शेवटी त्यातली बरीचशी तुम्ही वापरलेली असते. ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा झाला की तोच तरंगू लागतो. म्हणजे सुरुवातीला तुमचा तोल बरोबर होता, कमरेला बांधलेल्या तेवढ्याच वजनांवर शेवटी तुम्ही फुग्यासारखे वर ओढले जाता. वजन तपासायचं ते 50 बार असताना पाच मीटरवर टिकता येतं का, हे बघून.

माझ्याबरोबर डाइव्ह करणाऱ्या एका गृहस्थांची गोष्ट. पाच मीटरवर बांगड्यांचा थवा आला, हे दोन्ही हात वर करून चित्रीकरणात दंग. व्हिडिओत आधी बांगडे, मग बुडबुडे, मग बोटीचं बूड, मग आभाळ. नशीब बलवत्तर, काही झालं नाही. त्या दिवशी वल्हवणाऱ्या होड्याही जवळ नव्हत्या.

पाच मीटरवरची तीन मिनिटं

याला सेफ्टी स्टॉप म्हणतात. अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून हा थांबा, आणि बघायची सगळ्यात चांगली संधीही हीच. क्रम मात्र मोडायचा नाही. आधी कॉम्प्युटर: खोली पाच मीटर, वेळ सुरू. मग गेज. मग जोडीदार, त्याची गोल खूण मिळाली पाहिजे. याला दहा सेकंद लागतात. ते झालं की उरलेला वेळ डोळ्यांचा, पण दर अर्ध्या मिनिटानं खोलीकडे नजर टाकत.

आता बघायचं कसं?

सगळ्यात आधी एक पूर्ण गिरकी, सावकाश. ही गिरकी खरं तर बोटी आणि सोबती कुठं आहेत हे पाहण्यासाठी शिकवतात. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं धावतो, त्यामुळे इंजिन ऐकू येतं पण दिशा कळत नाही. म्हणून डोळ्यांनीच खात्री करावी लागते. माझी निम्मी चांगली दर्शनं या सक्तीच्या गिरकीत झालेली आहेत.

मग वर बघा. पाण्याखालून सगळं आभाळ डोक्यावरच्या एका गोल उजळ खिडकीत मावतं, बाजूचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. त्या खिडकीत आलेली प्रत्येक वस्तू काळी आकृती म्हणून उठून दिसते. कासवाची ढाल, टोळ माशाची सुई, बोटीचं बूड, सगळं. मान वर करायची सवय नसल्यानंच तांडेलाला दिसलेलं मला दिसलं नव्हतं.

आणि अगदी जवळ बघा, नाकासमोर. इथं बहुतेक लोक चुकतात, कारण त्यांना मोठंच काही हवं असतं. मुरिंगच्या जुन्या दोरावर शिंपले, झुलत्या शैवालाचे झुबके, त्यात नखाएवढे खेकडे आणि झिंगे, फुग्याच्या सावलीत माशांची पिल्लं. तो अख्खा दोर म्हणजे एक वस्ती आहे. हात लावायचा तर हातमोज्यानं, शिंपले चांगलेच कापतात. मोकळ्या पाण्यात डोळे अर्धा मीटरवर स्थिर केले की काचेचे तुकडे तरंगताना दिसू लागतील. अंगावर इंद्रधनुष्याचे पट्टे सरकताना दिसले तर ती कंगवा-जेली, म्हणजे कोंब जेली. ते रंग तिचे नसतात, केसासारख्या पापण्यांच्या ओळींवर उजेड फुटून पडलेले असतात. ती डसत नाही. एकाला एक जोडलेल्या पारदर्शक मण्यांची माळ दिसली तर ते साल्प, तेही निरुपद्रवी. या दोन गोष्टी ओळखता आल्या की पाच मीटरवरचं 'रिकामं' पाणी पुन्हा कधी रिकामं वाटत नाही.

दिसलं! आता?

कासव. कोकणात ऑलिव्ह रिडले आणि हिरवं कासव भेटण्याची शक्यता जास्त. कासव वर चाललं असेल तर ते श्वासाला चाललंय. त्याच्या आणि पृष्ठभागाच्या मध्ये येऊ नका, बाजूनं बघा. मागं लागलात तर ते श्वास न घेताच खाली वळतं. स्थिर राहिलात तर कित्येकदा तेच वळून बघतं. 2022 च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या रिडलेच्या पाठीवर उपग्रहाला संदेश धाडणारं यंत्र बसवलं होतं. वाळूवर अंडी घालून गेलेली मादी पुढं कुठं जाते हे कळावं म्हणून. तुम्हाला दिसलेलं कासव अशाच कुठल्या तरी लांबच्या प्रवासात असेल, त्याला उगीच वळसा घालायला लावू नये.

समुद्रसाप. मालवणच्या पाण्यात हे नेहमीचे, आणि मच्छीमारांच्या जाळ्यात सतत येतात. शेपटी वल्ह्यासारखी चपटी, ही ओळख. विष जहाल, स्वभाव सहसा शांत. पण कुतूहलानं तो फिन्सजवळ येऊ शकतो. त्या वेळी लाथ मारायची नाही, हातानं ढकलायचं नाही. पाय अंगाजवळ घ्या आणि तो जाईस्तोवर थांबा. वर श्वास घेऊन तो त्याच वाटेनं परत खाली जातो, त्यामुळे एकदा गेला म्हणजे विषय संपला असं नाही.

जेलीफिश. घुमट लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तंतू मागं खूप लांब लोंबत असतात. प्रवाह कुठल्या दिशेनं आहे ते बघून बाजूला सरका. वर येताना एक हात डोक्यावर धरण्याची जी सवय लावतात ती बोटीच्या बुडासाठी आहे तशी यासाठीही. डसलीच तर चोळायचं नाही, पिण्याचं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, चिकटलेले तंतू चिमट्यानं काढायचे. श्वासाला त्रास, छातीत दडपण किंवा अंगभर सूज वाटली तर थेट दवाखाना.

पाकट आणि वागळी हे चपटे मासे वाळूवर पडून असतात, पण काही जाती मोकळ्या पाण्यातही पंख हलवत जाताना दिसतात. वरून झेपावून त्यांच्यावर जाऊ नका, त्यांना ती शिकाऱ्याची चाल वाटते. पाकटाचा किंवा लायनफिशचा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवतात. पाणी किती गरम आहे ते न दुखणाऱ्या हातानं तपासायचं, कारण वेदनेत अंदाज चुकतो आणि वर भाजतं. त्यानंतर डॉक्टर.

डॉल्फिन दिसण्याआधी ऐकू येतात, बारीक टिकटिक आणि शिट्ट्या. आमच्याकडे मच्छीमार त्यांना गादा म्हणतात. त्यांच्यामागं पोहून काही उपयोग नाही, तुमच्यापेक्षा ते कित्येक पट वेगवान. थांब्यावर गोल गोल वळत राहा, मर्जी असेल तर येतील.

आणि देवमुशी. गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर हिची वर्दळ जास्त, पण कोकणातही ती अधूनमधून दिसते. भारतात 2001 साली तिला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातलं, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच तिला. दात नगण्य, खाणं प्लवक, धोका असलाच तर शेपटीच्या फटक्याचा. बऱ्याच ठिकाणचे नियम अंगापासून तीन आणि शेपटीपासून चार मीटर लांब राहायला सांगतात. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. फोटो एकच घ्यायचा तर डाव्या बाजूचा घ्या, कल्ल्यांच्या मागचा. तिथली ठिपक्यांची रचना प्रत्येक देवमुशीची वेगळी असते, आणि अभ्यासक त्यावरूनच 'ही तीच' असं ओळखतात.

मोह होतो तिथं

जनावर पाच मीटरवरून खाली वळलं आणि तुम्ही त्याच्यामागं. ही चूक सगळ्यात वाईट. थांब्यापर्यंत येऊन पुन्हा बारा मीटरला जाणं, पुन्हा वर येणं, असा करवतीच्या दातांसारखा आलेख शरीराला मानवत नाही. हवा संपत आलेली असते, जोडीदार वर राहिलेला असतो. एकदा वर निघालात की खाली जायचं नाही, मग खाली साक्षात निळा देवमासा का असेना.

तसाच दुसरा मोह दुपारी होतो. सकाळी काहीतरी दिसलं म्हणून बेत नसताना संध्याकाळची डाइव्ह केली, आणि रात्रीच गाडी काढून घाटानं कोल्हापूर गाठलं. विमानाचा नियम सगळ्यांना पाठ असतो, एका साध्या डाइव्हनंतर किमान बारा तास, एकाहून अधिक असतील तर अठरा. पण आंबोली समुद्रसपाटीपासून जवळजवळ सातशे मीटरवर आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. एक रात्र तारकर्लीलाच काढा. सोलकढी प्या.

जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं तर? 50 बारवर नवशिक्यानं सुरी काढू नये. अडकलेलं जनावर धडपडतं, जाळं तुमच्याच नळ्यांत गुंततं. जागा लक्षात ठेवा, गाइडला दाखवा, वर येऊन तांडेलाला सांगा. त्याच्या ओळखीतून वनखात्याच्या कांदळवन कक्षापर्यंत निरोप जातो. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमारानं आपलं जाळं कापलं तर राज्य सरकार त्याला भरपाई देतं, त्यामुळे आताशा लोक आपणहून कळवतात.

शिडीपाशी

पृष्ठभागावर आल्यावर बीसीडीत हवा भरा, बोटीला खूण करा. मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं यंत्र, तोंडातच राहू द्या. मास्क कपाळावर चढवणं ही अडचणीतल्या माणसाची निशाणी मानतात, शिवाय लाट आली की तो गेलाच. शिडीसाठी रांग लागलेली असते, तेव्हा तोंड पाण्यात घालून बोटीखाली बघत राहा. बोटीच्या सावलीत मासे जमतात, आणि माझ्या वहीतल्या दोन नोंदी या रांगेत उभं राहून मिळालेल्या आहेत. वरचा माणूस शिडी चढत असताना त्याच्या बरोबर खाली मात्र थांबू नका, सिलिंडरसकट तो खाली आला तर मासे बघायला कोणी उरणार नाही.

वहीत काय लिहायचं

बोटीवरच लिहा, टॉवेल गुंडाळून, जेवणाआधी. जेवणानंतर मासा एक फूट लांब झालेला असतो. खोली, डाइव्हचं कितवं मिनिट, पाणी किती दिसत होतं, जनावर कुठून आलं आणि कुठं गेलं. नाव माहीत नसेल तर आकार, शेपटीची ठेवण, पट्टे. नावाचा अंदाज लिहायचा तर पुढं प्रश्नचिन्ह ठेवा.

आणि तांडेलाला विचारा. मत्स्यशास्त्राचं पुस्तक नंतर उघडा. एकदा थांब्यावर दीड मीटर लांबीचं, काळसर, चपट्या डोक्याचं काहीतरी माझ्याकडे सरळ आलं, एक फेरी मारून गेलं. मी कपाळावर हात लावून सगळ्या गटाला शार्कची खूण केली. दोघांचे श्वास इतके वाढले की त्यांना थांबा अर्धा सोडून वर यावं लागलं. बोटीवर मी हातवारे करून वर्णन सांगितलं, तर तांडेल इंजिनाची दोरी ओढता ओढता म्हणाला, "मोडसो तो. बाजारात बघूक नाय काय कधी?" मुंबईकडे ज्याला सकला म्हणतात तोच. त्याला देवमुशी, मोठी पाकटं, कासवं यांच्या सोबतीनं फिरायची सवय असते, हेही त्याच्याकडूनच कळलं: मोडसो एकटा दिसला तर आणखी मिनिटभर त्याच्या मागच्या पाण्यात बघत राहायचं. वहीत त्या दिवशी 'शार्क?' खोडून 'मोडसो' लिहिलंय, आणि पुढं कंसात, 'मागे बघितलं नाही'.